गाळाला वापसा नसतो

(गंगाखेड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेते. या टेबलावर काचेच्या दोन बरण्या आहेत. दोन्हींत बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आहे. उजव्या बरणीत चार चमचे मीठ विरघळवले आहे, डावीत काही नाही. आता दोन्हींत एकेक चमचा काळी माती टाकते. आज सकाळी घाटावरच्या रानातून आणलेली, वाळवून चाळलेली माती आहे. ढवळते. झाले. दोन्ही बरण्या सारख्याच गढूळ दिसताहेत. त्यांना आता कोणी धक्का लावू नका. तासाभराने बघू.

सरांचे नाव मागच्या फलकावर आहे. मी शाळेपासून त्यांना नुसते ‘सर’ म्हणत आले, आजही तेच म्हणणार. आठवीच्या वर्गात ते आम्हाला डोळे मिटायला लावत आणि हातातल्या लाकडी पट्टीने कुठेतरी टकटक करीत. कधी टेबलावर, कधी पत्र्याच्या पेटीवर, भिंतीवर, पाण्याच्या माठावर. आम्ही ओरडायचो, ‘पेटी!’, ‘माठ!’ सर म्हणायचे, ‘काय आहे ते नंतर. आधी काय ऐकू आलं ते सांगा.’ मग आवाज लांबला की तुटला, जाड होता की बारीक, मागे दुसरा आवाज आला का, हे सांगावे लागे. ते सांगून झाल्यावरच वस्तूचे नाव घ्यायची परवानगी मिळे. पुढे मी गोव्यात राहून अनेक वर्षे समुद्राच्या तळाकडे आवाज सोडत आणि परत आलेला आवाज ऐकत बसले. जे ऐकू आले ते आणि जे आहे ते यांच्यामध्ये एक मोठे अंतर असते, ही सरांची शिकवण त्या कामात मला रोज लागली. हे अंतर गणिताने कसे पार करायचे, त्यात माणसे कुठे चुकली आणि कुठे पोहोचली, हा आजचा विषय.

गंगाखेडपासून अरबी समुद्र सरळ रेषेत 400 किलोमीटर. मग इथे समुद्रतळाच्या गाळाची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण घाटाखालून वाहते ती नदी कुठे जाते? त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली गोदावरी 1465 किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. जाताना ती आपल्या रानांची माती घेऊन जाते. त्या समुद्राच्या तळावर जो गाळ बसला आहे त्यात आपले शेत आहे. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही, तुम्हालाही वाटू नये.

नावाडी पाण्यात बांबू टेकवून नाव पुढे ढकलतो. बांबू कसा टेकला यावरून त्याला कळते, खाली वाळू आहे की चिखल. वाळूत बांबू करकरतो आणि थांबतो. चिखलात तो मुकाट्याने रुतत जातो. समुद्रावरचे जुने खलाशी शिशाचा गोळा दोरीला बांधून सोडत आणि त्याच्या बुडाला चरबी फासत. चरबीला वाळू चिकटून आली की शिंपले, यावरून तळ ओळखत. बांबू पोहोचत नाही तिथे दोरी, आणि दोरीलाही तासन्‌तास लागतात तिथे काय? उजेड उपयोगाचा नाही, कारण 200 मीटरच्या खाली समुद्रात जवळजवळ अंधारच. पाण्यात लांब जाऊ शकतो तो फक्त आवाज. 1826 साली दानिएल कोलादों याने जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून आवाजाचा वेग मोजला. तो सेकंदाला 1435 मीटर भरला, म्हणजे हवेतल्या वेगाच्या चौपटीहून अधिक. शंभर वर्षांनी, 1925 ते 1927 या काळात, ‘मेटिओर’ या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागरात आवाजाच्या साहाय्याने सुमारे 67 हजार ठिकाणची खोली मोजली. दोरीने हे काम कित्येक पिढ्यांचे झाले असते.

मात्र खोली मोजणे हा या विद्येचा सोपा भाग. आवाज किती वेळाने परत आला एवढेच त्यासाठी लागते. तो कसा परत आला, हे ऐकायला लागलो की खरी अडचण सुरू होते.

माझी आजी माजघरात बसून ओट्यावरच्या जात्याचा आवाज ऐकत असे. जात्यात ज्वारी आहे की गहू, की घास संपून जाते रिकामे फिरते आहे, हे ती न उठता सांगे. जनाबाईंच्या गावात जात्याबद्दल मी अधिक काय बोलणार? पण आजीच्या त्या ओळखण्यात काय काय होते ते पाहा. दाणा कठीण की मऊ, पाळूंमधली फट किती, हात किती जोरात फिरतो आहे, हे सगळे एकाच आवाजात मिसळलेले असते. तिने ते वर्षानुवर्षांच्या सवयीने सोडवले होते. आम्हाला ते समीकरणांनी सोडवायचे असते, आणि समीकरणांच्या मागे सवय नसते. प्रत्येक गोष्ट त्यांना वेगळी सांगावी लागते.

तर सांगायला लागू. जहाजाच्या बुडाशी बसवलेल्या यंत्रातून आवाजाचा एक ठोका निघतो. समुद्राच्या पाण्यात तो सेकंदाला साधारण 1500 मीटर वेगाने जातो. तळ आरशासारखा सपाट असता तर तिरका गेलेला आवाज पलीकडे निघून गेला असता आणि आपल्याकडे काहीच आले नसते. येते, कारण तळ खडबडीत असतो आणि आवाज चहूकडे विखुरतो. त्या विखुरण्यातला अगदी थोडा अंश आपल्या दिशेला वळतो. तेवढाच आपला पुरावा.

पण खडबडीत म्हणजे किती? हे तळावर जितके अवलंबून तितकेच आवाजावरही. नांगरटीतले जे ढेकूळ बैलगाडीच्या चाकाला जाणवतसुद्धा नाही, ते मुंगीला चढून उतरावे लागते. आवाजाचे चाक किती मोठे, ते त्याच्या तरंगलांबीवर ठरते. 12 किलोहर्ट्झचा आवाज घेतला तर पाण्यात त्याची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. 33 किलोहर्ट्झला साडेचार सेंटिमीटर. 210 किलोहर्ट्झला अवघे सात मिलिमीटर. पहिल्याला सपाट वाटणारा तळ तिसऱ्याला ढेकळांचे रान वाटतो.

आणखी एक गंमत शेतकऱ्याला चटकन समजेल. लाटांच्या हालचालीने वाळूच्या तळावर सरी-वरंबे पडतात, आपण उसाला पाडतो तसेच, लहान. तळाला जवळजवळ घासून आलेला आवाज या सगळ्या सऱ्यांना सारखा प्रतिसाद देत नाही. ज्या सऱ्यांमधले अंतर त्याच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मे असते, त्यांच्याकडून आलेले सगळे प्रतिध्वनी एका तालात येतात आणि एकमेकांना बळ देतात. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. म्हणजे आवाज तळाचा अख्खा आकार ऐकत नाही. त्या आकारातून तो आपल्या मापाची एकच सरी निवडतो. म्हणून तळाचे गणित मांडताना ‘किती खडबडीत’ असा एक आकडा पुरत नाही. मोठ्या उंचवट्यांत किती, ढेकळांत किती, भुग्यात किती, अशी प्रत्येक मापाची वेगळी वाटणी द्यावी लागते. ती वाटणी मिळवण्यासाठी लोक पाणबुड्यांसोबत दोन कॅमेरे खाली पाठवतात, आणि आपले दोन डोळे जशी खोली ओळखतात तशी त्या जोडचित्रांतून मिलिमीटरची उंची-सखलता मोजतात.

हे झाले पृष्ठभागाचे. आता आत शिरू. मला सगळ्यात ओढ आहे ती इथली.

पेरणीआधी आपण वापसा बघतो. मूठभर माती दाबायची. तिचा गोळा व्हावा आणि हात उघडला की फुटावा. वापसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या फटींत थोडे पाणी आणि थोडी हवा. समुद्रतळाच्या गाळाला वापसा नसतो. त्याच्या सगळ्या फटी पाण्याने काठोकाठ भरलेल्या असतात. वाळूत या फटी आकारमानाच्या सुमारे 40 टक्के भरतात. मऊ चिखलात मात्र 70 ते 90 टक्के पाणीच असते. ज्याला आपण समुद्रतळ म्हणतो तो पुष्कळ ठिकाणी दहात एक-दोन भाग माती मिसळलेले पाणी असते.

अशा चिखलातून आवाज पाण्यापेक्षा जलद जाईल की हळू? माझ्या विद्यार्थ्यांना विचारले की बहुतेक जण म्हणत, जलद. दगडातून आवाज जलद जातो आणि चिखलात दगडाचे कण आहेत. उत्तर उलटे आहे. मऊ चिखलात आवाज पाण्याहून किंचित हळू जातो, शंभरात एक-दोनने कमी. ए. बी. वूड या इंग्रज शास्त्रज्ञाने 1930 सालच्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात त्याचे कारण मांडले. आवाजाचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: पदार्थ किती जड आणि दाबायला किती ताठ. चिखलातले मातीचे कण एकमेकांना टेकलेले नसतात, पाण्यात तरंगत असतात. म्हणून तो दाबला तर पाण्याइतकाच मऊ लागतो. वजन मात्र मातीचे येते. जडपणा वाढला, ताठपणा वाढला नाही, की चाल मंदावते. ओझे घेतलेला माणूस चिखलातून चालतो तसे.

वाळूत कण एकमेकांवर रचलेले असतात, एकाचा भार दुसऱ्यावर. तिथे ताठपणा येतो आणि आवाज सेकंदाला 1700 मीटरच्या आसपास पोहोचतो. एडविन हॅमिल्टन या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने आयुष्यभर समुद्रतळाचे नमुने मोजून चिखल, पोयटा, वाळू यांची ही घनता आणि वेगाची मापे जमवली. त्यांचा 1980 सालचा आढावा अजूनही या विषयातल्या प्रत्येक माणसाच्या हाताशी असतो. एक गोष्ट मला त्यातून शिकायला मिळाली. वाळूचा कण अर्धा मिलिमीटर असतो. आवाजाची तरंगलांबी त्याच्या कितीतरी पट. आवाजाला सुटा कण ‘दिसत’ नाही. तरीही आम्ही प्रतिध्वनीवरून कणाचा आकार सांगतो. ते कसे जमते? कणाच्या आकारावर फटी ठरतात, फटींवर पाणी, पाण्यावर वेग आणि घनता, आणि त्यावर प्रतिध्वनी. चार पायऱ्या उतरून आपण कणापर्यंत पोहोचतो, आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरू शकतो.

या घसरण्याची एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिच्यात विज्ञान कसे चालते ते चांगले दिसते. वाळूतला वेग पाण्याहून जास्त असल्यामुळे, सपाट वाळूवर आवाज 28 अंशांहून कमी कोनात घासून आला तर तो आत शिरूच शकत नाही, सगळा परत फेकला जातो, असे गणित सांगते. नौदलांसाठी ही वाईट बातमी होती. वाळूत पुरलेला सुरुंग दुरून सापडणारच नाही असा त्याचा अर्थ. पण प्रत्यक्ष मोजणीत आवाज वाळूच्या आत सापडत होता. का?

टेक्सासचे निकोलस चोटिरोस यांनी 1995 साली एक उत्तर दिले. मॉरिस बायो यांनी 1956 साली सच्छिद्र पदार्थांचा एक सुंदर सिद्धांत मांडला होता. त्यात कणांचा सांगाडा आणि फटींतले पाणी यांना वेगवेगळे हलता येते, आणि म्हणून आवाजाच्या दोन लाटा निघतात, एक जलद आणि एक हळू. चोटिरोस म्हणाले, आत शिरते ती ही दुसरी, मंद लाट. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणाले, इतके दूर जायची गरज नाही. वाळूवर सरी-वरंबे आहेत, आवाज त्यांच्यावर विखुरून आत उतरतो. दोन्ही उत्तरे गणितात बसत होती. वाद कागदावर मिटणारा नव्हता. 1999 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट वॉल्टन बीचजवळ, सुमारे 18 मीटर पाण्यात, अनेक संस्थांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र मुक्काम टाकला. त्यांनी तळाचा सरी-वरंबा मोजला, वाळूत ध्वनिग्राहक पुरले, पाणबुड्यांनी नमुने काढले. निष्कर्ष निघाला की आवाज आत जातो तो मुख्यतः सऱ्यांमुळे. त्याच प्रयोगात हेही दिसले की वाळूतला वेग आवाजाच्या उंच-नीचपणाबरोबर बदलतो, आणि तो बदल बायोंचा सिद्धांतच बरोबर सांगतो. म्हणजे त्या वादात ज्या सिद्धांताची बाजू पडली, तोच दुसऱ्या ठिकाणी खरा ठरला. मला हा निकाल फार आवडतो. तिथे जाऊन हात घातल्याशिवाय तो लागला नसता.

आता घराजवळ येऊ. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, 1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झालेली. तिथे बिश्वजित चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरच्या तळावर हेच काम वर्षानुवर्षे केले. 33 आणि 210 किलोहर्ट्झ असे दोन आवाज एकाच तळावर सोडायचे. 95 किलोहर्ट्झच्या यंत्राने एका झटक्यात पंख्यासारखे अनेक झोत टाकून प्रत्येक कोनातला प्रतिध्वनी नोंदवायचा. सिएटलच्या डॅरेल जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी 1986 साली मोठा आणि बारीक खडबडीतपणा एकत्र हाताळणारे जे गणित उभे केले होते, ते उलटे चालवायचे. प्रतिध्वनी हातात आहे. तर कण किती बारीक, पृष्ठभाग किती खडबडीत, आतले विखुरणे किती, हे आकडे काढायचे. शेवटी त्याच जागचा गाळ वर काढून ताडून पाहायचे.

आपल्या किनाऱ्याचा तळ या कामाला जणू मुद्दाम मांडून ठेवल्यासारखा आहे. किनाऱ्यालगत, साधारण 50 मीटर खोलीपर्यंत, नद्यांनी आणलेला चिखल. त्यापलीकडे वाळू, आणि ती आजची नाही. हिमयुगात समुद्र खूप खाली गेला होता, तेव्हाच्या किनाऱ्याची ती वाळू अजून तिथेच पडून आहे. जहाज कोकणपट्टीवरून पश्चिमेला निघाले की काही तासांत प्रतिध्वनी मऊपासून कडक होत जातो.

तिथेच माझी एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. एका सफरीत पडद्यावर खणखणीत प्रतिध्वनी येत होता. मी वहीत लिहिले, ‘वाळू’. ग्रॅब, म्हणजे दोन जबड्यांची लोखंडी बादली, खाली सोडली. वर आला तो काळपट, मऊ चिखल, आणि त्यात शिंपल्यांचे तुकडे खच्चून भरलेले. आवाज परत पाठवला होता शिंपल्यांनी. चिखलाने तो फक्त आत येऊ दिला होता. मी काय ऐकू आले ते लिहायच्या आधी काय आहे ते लिहून बसले होते. त्या रात्री सर आठवले. वहीतला तो शब्द मी खोडला नाही, शेजारी दुरुस्ती लिहिली. ते पान अजून माझ्याकडे आहे.

या विद्येतला सगळ्यात खोल प्रश्न हाच आहे. शिंपले मिसळलेला चिखल, गुळगुळीत वाळू, किड्यांनी बिळे पाडून पोखरलेला पोयटा, हे तीन वेगळे तळ एका कोनात एकसारखा प्रतिध्वनी देऊ शकतात. गणित सरळ चालवले तर एका तळाचे एकच उत्तर येते. उलटे चालवले की एका उत्तराचे अनेक तळ निघतात. म्हणून अनेक कोन लागतात, दोन-तीन आवाज लागतात, आणि एवढे करून मूठभर गाळ लागतोच. आजही मला कोणी केवळ पडद्यावरून रंगवलेला तळाचा नकाशा दाखवला, तर मी आधी विचारते, नमुने किती काढले?

मघाशी म्हणाले, गाळाला वापसा नसतो. कधीकधी येतो, आणि तो आला की सगळे गणित कोलमडते. किनाऱ्यालगतच्या चिखलात झाडपाला, मेलेले जीव गाडले जातात. हवा नसलेल्या जागी जिवाणू त्यांचा मिथेन करतात. आपल्या गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीत चालते तेच काम. त्या वायूचे बुडबुडे चिखलात अडकतात. शंभरात एक भाग इतके बुडबुडे असले, तरी त्यातून जाणाऱ्या खर्जातल्या आवाजाचा वेग 1500 वरून सेकंदाला शे-सव्वाशे मीटरपर्यंत कोसळू शकतो, हवेतल्या वेगाहूनही खाली. वजन जवळपास तेवढेच राहते, पण बुडबुड्यांमुळे दाबायला चिखल कापसासारखा मऊ होतो. आवाज तिथे शिरतो आणि परत येत नाही. आलेखावर खालचे सगळे थर पुसल्यासारखे दिसतात. अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला असा वायूभरला गाळ कुठे कुठे आहे, ते करिसिद्दय्या आणि वीरय्या यांनी 1994 साली प्रसिद्ध केले. गोव्यासमोर खोल उतारावर वायू निसटून गेल्याने पडलेले खळगेही अनेक-झोती यंत्रांनी दाखवले आहेत.

या विद्येचे उपयोग फार आहेत, एक-दोनच सांगते. आपल्या ‘गवेषणी’ या जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी समुद्रतळावरचे बहुधातू गोळे पहिल्यांदा वर काढले, आणि 1987 साली हिंदी महासागराच्या मध्यावर भारताला या गोळ्यांच्या शोधासाठी क्षेत्र मिळाले. बटाट्याएवढे हे गोळे पाच किलोमीटर खोल मऊ चिखलावर विखुरलेले असतात. कुठे दाट आणि कुठे विरळ हे त्यांच्यावरून विखुरलेल्या आवाजातून ताडता येते का, यावर गोव्यात काम झाले. बंदरे, पाण्याखालच्या केबली, मासेमारी, नौदल, सगळ्यांना तळ कसा आहे हे हवे असते.

आता आपल्या नदीकडे वळू, आणि बरण्यांकडेही. डावी बरणी तशीच गढूळ आहे. उजवीत वर निवळ दिसू लागली आहे. पावसाळ्यात रांजणातल्या पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तेच इथे मिठाने केले. काळ्या मातीचे कण अतिबारीक, पत्र्यांसारखे, आणि पाण्यात एकमेकांना दूर लोटणारे. मीठ ते लोटणे कमी करते. मग कण एकमेकांना चिकटतात आणि पुंजके होऊन खाली बसतात. गोदावरीने आणलेली आपली माती समुद्रापर्यंत तरंगत जाते आणि खाऱ्या पाण्याला भेटली की अशी बसते. बसताना पत्त्यांच्या बंगल्यासारखी बसते, पत्रा पत्र्याला काटकोनात टेकून, मध्ये भरपूर पाणी कोंडून. म्हणून तो चिखल इतका पाणीदार, आणि म्हणून त्यात आवाज पाण्याहून हळू.

2006 साली ‘जॉयडेस रेझोल्यूशन’ या खोदकाम जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर समुद्रतळात छिद्रे घेतली. नदीमुखासमोर, सुमारे 1270 मीटर पाण्याखालून काढलेल्या एका गाभ्यात गेल्या कित्येक हजार वर्षांचा गोदावरीचा गाळ थराथराने सापडला. लिव्हिऊ जिओसान आणि सहकाऱ्यांनी 2017 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निओडिमियम या मूलद्रव्यावरून कोणता कण दख्खनच्या काळ्या खडकाचा आणि कोणता पूर्वेकडच्या जुन्या खडकांचा, हे ओळखता येते. वरच्या, म्हणजे अलीकडच्या थरांत दख्खनचा वाटा वाढत गेला आहे. पाऊस कमी होत गेला, रान उघडे पडले, शेती पसरली, तशी आपली माती धुपत गेली. मराठवाड्याच्या नांगरटीचा इतिहास बंगालच्या उपसागराच्या तळाशी लिहून ठेवला आहे.

त्याच मोहिमेत एका ठिकाणी 128 मीटर जाडीचा थर लागला. त्यात मिथेन बर्फाच्या पिंजऱ्यात अडकून बसलेला होता, आणि तो चिकणमातीच्या भेगांत भरलेला होता. उन्हाळ्यात आपल्या रानाला पडतात तशा भेगा, जरी तिथे त्या पडण्याचे कारण वेगळे. हा बर्फ किती आहे ते आवाजाच्या वेगावरून मोजायचे होते. गणितात गृहीत धरले होते की बर्फ सगळ्या फटींत सारखा पसरला आहे. आलेला आकडा प्रत्यक्ष दाबबंद नळीतून वर काढलेल्या नमुन्यांपेक्षा फारच मोठा निघाला. ली आणि कॉलेट यांनी 2009 साली भेगा उभ्या आहेत आणि आवाज त्यांच्या लांबीला धरून जलद जातो, हे गणितात आणले. तेव्हा मेळ बसला. चिकणमाती कशी तडकते हे माहीत असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. पैठणला जायकवाडीचे काम 1965 साली सुरू झाले, 1976 साली धरण उभे राहिले. त्याच्यानंतर खालीवर अनेक बंधारे झाले. आपल्याला पाणी मिळाले, ऊस उभा राहिला, हे मी नाकारत नाही. पण हेमा मालिनी आणि नागेश्वर राव यांनी 2004 साली दाखवले की समुद्रापर्यंत पोहोचणारा गोदावरीचा गाळ सत्तरच्या दशकात वर्षाला सुमारे 145 दशलक्ष टन होता, तो नव्वदच्या दशकात 57 वर आला. नदीमुखाकडचा किनारा समुद्र खातो आहे. ती माती आपल्या धरणांच्या पोटात बसते आहे. इथे घाटाखाली वाळू तर उपसून नेली जाते. उन्हाळ्यात पात्रातल्या ज्या वाळूत लोक टरबुजांच्या वाड्या लावत, ती वाळू माझ्या डोळ्यांदेखत कमी झाली. तिचे मला दुःख आहे आणि ते मी लपवत नाही. धरणांतल्या गाळाची जाडी मोजायलाही आज हाच आवाज वापरतात. एक उंच आवाज पाण्याच्या तळावरून परत येतो, दुसरा खर्जातला गाळ भेदून जुन्या तळापर्यंत जातो. दोघांच्या वेळेतला फरक म्हणजे अडकलेली माती. त्यासाठीसुद्धा आधी त्या गाळात आवाजाचा वेग किती हे ठाऊक असावे लागते, आणि तो आपल्याच काळ्या मातीवर मोजलेला असावा लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठात, नांदेडच्या विद्यापीठात कोणी तरुण मुला-मुलींनी हे काम हाती घ्यावे असे मला फार वाटते. मोठे जहाज लागत नाही. एक हौद, दोन ध्वनिग्राहक आणि शेतातली पोतेभर माती यांवर सुरुवात होते.

आता समोर बसलेल्या मुलांनी पुढे यावे. मागून विजेरीचा झोत उजव्या बरणीवर टाका. वरचे पाणी निवळले आहे. खाली थर बसला आहे. हळूच बरणी कलती करा. बघा, तो थर लगेच सरकतो, इतका सैल आहे. चमचाभर मातीचा केवढा जाड थर झाला! आता डावी बघा. अजून गढूळच आहे. ती उद्या संध्याकाळपर्यंत इथेच राहू दे, आणि पहिल्यांदा जो कोणी बघायला येईल त्याने काय आहे ते नंतर सांगावे, काय दिसले ते आधी या वहीत लिहावे. वही मी टेबलावर ठेवून जाते.